गुरुवारची ऊब

ब्लांदीनच्या दारातल्या पायपुसण्यावर त्या गुरुवारी बुटांचे सतरा जोड होते. सोलांजला स्वतःचे बूट काढून ठेवायलाही जागा उरली नव्हती. बाहेर उणे एकतीस अंश. नदीवरून असा वारा सुटलेला, की डोळ्यांतलं पाणी पापणीवरच गोठावं. अशा दिवशी सेंत-फिलोमेन गावची माणसं टपाल आणायलासुद्धा घराबाहेर पडत नाहीत. पण दुपारी तीनच्या ठोक्याला सगळी म्हातारीकोतारी काठ्या टेकत टेकत इथं हजर झाली होती, आणि बहुतेकींच्या हातात फडक्याखाली झाकलेला केक किंवा सुपाचं भांडं होतं. खाणं देवासाठी नव्हतं. ते रोझेरसाठी होतं.

रोझेर दुशेन बैठकीच्या खोलीत मधोमध उभा होता. पंचावन्नचा, उंच, खांद्यात वाकलेला. त्यानं सगळ्यांसमोर खिसे रिकामे केले. फोन, किल्ल्या, चाकू, रुमाल, सगळं एका ताटलीत ठेवून ती ताटली स्वयंपाकघरात पाठवून दिली. मग बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि तळवे पालथे-सुलटे करून दाखवले.

"बघा, माझ्याकडे काही नाही," तो म्हणाला. "मी कोण? मी नुसता दरवाजा. येणारा येतो, जाणारा जातो. दाराला कुणी विचारतं का, की बाबा, कोण आलं?"

दार एवढं बोलत नाही, सोलांजच्या मनात आलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. ती सरकारी परिचारिका. गाव आणि आसपासच्या वस्त्या गाडीनं फिरून घरोघरी ड्रेसिंग करायची, इंजेक्शनं द्यायची. ब्लांदीन तिची सख्खी बहीण, तेरा वर्षांनी मोठी. ब्लांदीनच्या पायाचं ड्रेसिंग करायला म्हणून ती आली होती, आणि आता सतरा माणसांच्या पाठीमागून बहिणीचं डोकं शोधत होती.

ब्लांदीन खिडकीखालच्या खुर्चीत बसली होती. या भागातल्या सगळ्या घरांत असतो तसा लांबट विजेचा हीटर तिथं भिंतीच्या तळाशी बसवलेला होता. त्याच भिंतीवर हाताच्या उंचीला, खोलीचं तापमान ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटची पांढरी चौकोनी काच. काचेवर सतराचा आकडा.

मरियामातेची जपमाळ सुरू झाली. नमो मरिया, नमो मरिया, सतरा तोंडांतून एका सुरात. रोझेर घाई करत नव्हता. पहिले दहा मणी झाले, दुसरे झाले. मध्येच थांबून तो वर छताकडे बघे, मान हलवी, "हं, हं, ऐकतोय," असं म्हणे आणि पुन्हा सुरू करी. चौथ्या फेरीला त्यानं डोळे मिटले आणि ब्लांदीनच्या मेलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"हर्वे," तो म्हणाला, "गेल्या गुरुवारी तुझ्या बायकोनं तुला विचारलं. पायाचं बोट कापून घ्यायला जाऊ की घरीच राहू? आठवडाभर तू विचार केलास. आता सांग. घरी राहायचं असेल तर ऊब दे. जायचं असेल तर देऊ नकोस."

प्रश्न एका गुरुवारी आणि उत्तर पुढच्या गुरुवारी, असा रोझेरचा शिरस्ता होता. मृतांना विचार करायला वेळ लागतो म्हणे. हर्वेच्या बाबतीत तर हे कुणालाच खोटं वाटलं नाही, कारण जिवंतपणी त्याला मोजे विकत घ्यायचे म्हटले तरी महिना लागायचा.

खोलीत श्वासांचा आवाज तेवढा राहिला. आणि मग भिंतीच्या तळाशी टक् झालं. पुन्हा टक्. टक् टक् टक् करत आवाज खिडकीखालून दारापर्यंत सरकत गेला. कुणीही हात लावलेला नसताना काचेवरच्या सतराचे चोवीस झाले.

"आला," ग्रासिया पुटपुटली. ही शेजारची, आणि या मंडळींची पुढारी. दोघी-तिघी रडायलाच लागल्या. ब्लांदीननं पाय उचलला, हीटरच्या पत्र्याला टेकवला आणि डोळे मिटून घेतले.

सोलांजनं घड्याळात पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

सगळे गेल्यावर तिनं ब्लांदीनच्या पायाची पट्टी सोडली. ब्लांदीनला साखरेचा आजार वीस वर्षांचा. पावलांना आता काही कळत नव्हतं, सुई टोचली तरी ती विचारायची, टोचलीस का? डाव्या पायाचं दुसरं बोट टोकाला काळं पडलं होतं. डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली होती. अडीच तासांवरच्या शहरात जायचं, बोट काढायचं, चार दिवसांत परत. बोटानं भागत होतं तोवर भागवायचं, एवढी साधी गोष्ट.

आणि आज बोटाच्या मागे तळव्यावर सोलांजला तीन लाल आडव्या रेघा दिसल्या. हीटरच्या जाळीच्या.

"ब्लांदीन, हा पाय भाजतोय. तुला कळत नाहीये, पण भाजतोय."

"रोझेर म्हणाला, हर्वे जिथून येतो तिथं टेकव. आतून भरून येईल."

"हर्वे येतो!" सोलांजचा तोल गेला. "हर्वेनं जन्मात कधी सतराच्या वर जाऊ दिलं होतं का या घरात? बटणाला हात लावला की हातावर फटका मारायचा तो. मेल्यावर चोवीस? एवढा उदार?"

ब्लांदीननं अंगातला स्वेटर सारखा केला. मग म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षं मी या घरात स्वेटर घालून झोपले, सोलांज. आता देतोय. तर घेऊ नको म्हणतेस?"

सोलांजनं जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. जाण्याआधी खुर्ची हीटरपासून तीन हात लांब ओढून ठेवली. गाडीत बसून तिनं मागं पाहिलं तर खिडकीत ब्लांदीन खुर्ची परत जागेवर सरकवत होती.

तिनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला कुणी उचलून आणू शकत नाही. तयार होईल त्या दिवशी आणा, मी जागा करतो, पण लवकर तयार करा. सोमवार आला आणि गेला. फार विनवण्या केल्यावर ब्लांदीन एवढंच म्हणाली, की तुझ्या समाधानासाठी येत्या गुरुवारी हर्वेला पुन्हा विचारीन. म्हणजे उत्तर त्याच्या पुढच्या गुरुवारी.

या रोझेरचं माहात्म्य काय, तर तो सातवा मुलगा. मध्ये बहीण नाही, ओळीनं सात मुलगे, आणि हा सातवा. अशा मुलाला गुण असतो ही इथली फार जुनी समजूत आहे. तो म्हणे वाहतं रक्त नुसत्या शब्दानं थांबवतो, भाजल्याची आग फोनवरून फुंकर घालून उतरवतो. आणि त्याचे आभार मानायचे नाहीत. आभार मानले की गुण उतरतो. सोलांज म्हणायची, याच्याइतका सोयीचा धंदा नाही. आभार नाहीत, पावती नाही, मग तक्रार तरी कोण आणि कुठं करणार?

पण पन्नाशी उलटेपर्यंत रोझेरच्या गुणाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तो विजेची कामं करायचा. तीन वर्षांपूर्वी वीज कंपनीची एक योजना आली. कडाक्याच्या थंडीत, सकाळ-संध्याकाळ सगळ्यांनी एकदम हीटर लावले की वीज पुरत नाही. म्हणून घरोघरी हे नवे थर्मोस्टॅट बसवायचे, म्हणजे त्या वेळेला आकडा आपोआप खाली येतो आणि बिलात सूट मिळते. गावात ते सगळे रोझेरनं बसवले. प्रत्येक खोलीला एक. काम नीटनेटकं केलं, कुणाची फरशी खराब केली नाही. पुढं कामं आटली, त्याची आई वारली, आणि तो एकटाच त्या घरात राहिला. दोन वर्षांनी एका हिवाळ्यात बातमी फुटली की रोझेरला गुण आला.

पुढच्या गुरुवारी सोलांजची फेरी उलट्या बाजूनं होती, त्यामुळे तीनच्या सुमाराला ती गावाच्या दुसऱ्या टोकाला फिलियासकडे होती. फिलियास चौऱ्याऐंशी वर्षांचा, जुना लाकूडतोड्या. तो कशावरच विश्वास ठेवत नव्हता. शिव्या मात्र या भागातल्या सगळ्यांसारख्या चर्चमधल्याच द्यायचा. वेदी, पेला, पवित्र पेटी, एकही वस्तू सुटत नसे. सोलांज त्याच्या पोटरीची जखम पुसत होती.

टक्.

तिनं मान वर केली. टक् टक् टक्. भिंतीच्या तळाशी आवाज सरकत गेला. काचेवर एकोणिसाचे चोवीस झाले.

"झालं सुरू," फिलियास म्हणाला. "दर गुरुवारी या वेळेला मला टर्कीसारखा भाजून काढतात ते वीजवाले."

तीन वाजून वीस मिनिटं.

सोलांजच्या हातात कापूस तसाच राहिला. हर्वे ब्लांदीनकडे आला असेल, ठीक आहे. पण तो त्याच वेळी फिलियासकडे कशाला येईल? दोघांचं जन्मभर मासे पकडण्याच्या जागेवरून भांडण. आणि इथं आला तर आणखी किती घरांत आला असेल? ते कुणाला कळणार? बाकी सगळे आत्ता ब्लांदीनच्या खोलीत डोळे मिटून बसलेत. घरी जातील तेव्हा त्यांना आपलीही खोली उबदार लागेल, आणि म्हणतील, हर्वे आपल्याबरोबर घरापर्यंत आला.

"फिलियास, हे यंत्र बसवताना रोझेरनं तुला काय विचारलं होतं?"

"ईमेल विचारला. मी म्हटलं, माझ्याकडे कुऱ्हाड आहे, ईमेल नाही. तो म्हणाला, मग माझाच टाकतो."

"आणि बाकीच्यांचा?"

"इथं कुणाकडे आहे ईमेल? सगळ्यांचा त्याचाच असेल."

सोलांजकडे मात्र जुनाच थर्मोस्टॅट होता, हातानं फिरवायच्या चकतीचा. म्हणून ही गोष्ट तिला कधी कळलीच नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती रोझेरच्या घरी गेली. गावात कुणी दाराला कुलूप लावत नाही, लावलं तर तो शेजाऱ्यावर आळ घेतल्यासारखा होतो. ती मागच्या दारानं आत शिरली आणि पायपुसण्यावरच थांबली. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. रोझेर पाठमोरा, शेगडीवर वाटाण्याचं सूप ढवळत होता. कपाटावर मुठीएवढं एक गोल बोलकं यंत्र होतं, ज्याला हाक मारली की उत्तर देतं, गाणी लावतं, हवामान सांगतं.

रोझेरनं त्याला हाक मारली आणि न वळताच म्हणाला, "स्वयंपाकघर एकवीस."

यंत्र साखरेच्या पाकात घोळलेल्या बाईच्या आवाजात म्हणालं, "ठीक आहे. बावीस ठिकाणी स्वयंपाकघर एकवीस अंशांवर आणते."

बावीस ठिकाणी! सोलांजनं तोंडावर हात धरला. या शहाण्यानं घरांना नावंच दिली नव्हती. बावीस घरांतल्या प्रत्येक बैठकीच्या खोलीला नुसतं बैठकीची खोली, प्रत्येक स्वयंपाकघराला नुसतं स्वयंपाकघर म्हणून ठेवलेलं, आणि सगळी एकाच खात्यावर. याला थंडी वाजली की अख्ख्या गावाची स्वयंपाकघरं तापत होती. आणि गावातल्या म्हाताऱ्या म्हणत होत्या, वीज कंपनीला आमची काळजी. गुरुवारचं काम तर त्याहून सोपं: यंत्राला आधीच सांगून ठेवायचं, की तीन वीसला बैठकीच्या खोल्या चोवीसवर ने. मग खिसे रिकामे करायचे आणि चौथ्या फेरीपर्यंत माळ लांबवायची. नकार द्यायचा असेल तर काहीच सांगायचं नाही.

ती आवाज न करता बाहेर आली. गाडीत बसली. ब्लांदीनचं घर तिथून चार मिनिटांवर होतं.

इथं सोलांजनं जे केलं ते तिला पुढं जन्मभर पुरलं. तिनं गाडी ब्लांदीनच्या दारापर्यंत नेली, आणि न थांबता पुढं काढली. नुसतं सांगून काय उपयोग, असा तिनं विचार केला. पालथ्या घड्यावर पाणी. ब्लांदीन म्हणेल, तुला रोझेर आवडत नाही म्हणून तू काहीही बोलतेस. त्यापेक्षा सगळ्यांच्या देखत दाखवू, त्याच खोलीत, त्याच्याच तोंडावर. मग कुणाला नाही म्हणायला जागा उरणार नाही. हे सगळं खरंच होतं. पण रोझेरचा चेहरा त्या वेळी कसा होईल हे बघायची तिला हौस होती, हेही तितकंच खरं होतं.

सोमवारी ती ड्रेसिंगला गेली तेव्हा बोटाचा काळेपणा पावलावर उतरला होता आणि भाजलेल्या रेघांना पाणी सुटलं होतं. वासही येत होता. तिनं पुन्हा हात जोडले, आजच चल म्हणाली. ब्लांदीन म्हणाली, तीन दिवसांवर तर आलंय उत्तर. सोलांजच्या तोंडाशी आलं होतं. पण आता तीनच दिवस, असं म्हणून तिनंही ते गिळलं.

गुरुवारी बुटांचे एकोणीस जोड होते. फिलियासचे त्यात नव्हते. फिलियास त्या वेळी रोझेरच्या रिकाम्या स्वयंपाकघरात बोलक्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या हातात सोलांजनं लिहून दिलेला कागद होता. यंत्राला त्याची गावठी बोली कळत नव्हती, म्हणून टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं बोल, असं तिनं त्याला बजावलं होतं.

रोझेरनं खिसे रिकामे केले, बाह्या सारल्या, तळवे दाखवले. मी कोण, मी नुसता दरवाजा, इथपर्यंत तो आला तेव्हा सोलांज पुढं झाली. तिनं आपला फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. घड्याळात तीन वाजून सहा मिनिटं झाली होती.

"आज हर्वेला ताटकळत ठेवायला नको," ती म्हणाली. "मी बोलावते. फिलियास, सांग त्याला."

फोनमधून खाकरल्याचा आवाज आला. मग फिलियास, अगदी बातम्यांच्या थाटात, "बैठकीच्या खोल्या तीस अंशांवर ने."

दूरवरून, साखरेच्या आवाजात: "माफ करा, मला समजलं नाही."

फिलियासनं एक अख्खी वेदी आणि दोन पेले हासडले. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. त्यानं पुन्हा सांगितलं, शब्द तोडून तोडून.

"ठीक आहे. बावीस ठिकाणी बैठकीची खोली तीस अंशांवर आणते."

टक्. टक् टक् टक्. काचेवर तीसचा आकडा उमटला. सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या, मग फोनकडे, मग रोझेरकडे.

"आता पंधरा," सोलांज म्हणाली. फिलियासनं सांगितलं. आकडा पंधरावर आला. "आता वीस." वीस झाले. ती म्हणाली, यात ना हर्वे आहे ना गुण. तुमच्याकडे ईमेल नव्हते म्हणून यानं आपला टाकला. बावीस घरं त्याच्या खात्यावर आणि ते खातं त्याच्या स्वयंपाकघरातल्या यंत्राला जोडलेलं. टक् टक् होतं ते पत्रा तापून फुगतो म्हणून. फिलियासकडेही दर गुरुवारी होतं, त्याला विचारा. तुम्ही सगळे इथं असता, म्हणून तुमच्या घरात होतं ते तुम्हाला दिसत नाही.

रोझेरचा चेहरा तिनं पाहिला. पाहून तिला काहीच बरं वाटलं नाही. तो शाळेत मार खाल्लेल्या पोरासारखा भिंतीला टेकून खाली बसला होता.

"मी कुणाकडे काही मागितलं नाही," तो म्हणाला. "त्या रात्री मला थंडी वाजली म्हणून मी माझी खोली वाढवायला सांगितली. सकाळी ब्लांदीनचा फोन आला. म्हणाली, रोझेर, काल खोली आपोआप तापली, हर्वे आला होता का रे? तिचा आवाज इतका आनंदी होता. मी नाही म्हणालो नाही. एवढंच."

"आणि पाय? पाय टेकव कुणी सांगितलं?"

"तिला तेच ऐकायचं होतं," रोझेर म्हणाला. "तिला जायचं नव्हतं."

सोलांजला वाटलं होतं, आता खोली पेटून उठेल. तसं काही झालं नाही. काही जणी खाली बघत बूट शोधायला गेल्या. दोघांनी रोझेरला दंडाला धरून उठवलं. ग्रासियानं फडक्याखालचा केक त्याच्या हातात दिला आणि सोलांजकडे वळली.

"यंत्रातून आला म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "तारा काय देवानं केल्या नाहीत? पूर्वी घंटेतून यायचा, आता यंत्रातून येतो. पुढच्या गुरुवारी माझ्याकडे जमू या."

आणि जमले. सगळे नाही, पण अकरा जण जमले, हे सोलांजला नंतर कळलं.

खोली रिकामी झाली. फोनमधून फिलियास विचारत होता, झालं का, इथलं सूप चांगलंय, घेऊ का थोडं. सोलांजनं फोन बंद केला. ब्लांदीन खुर्चीतून हलली नव्हती. पाय तिनं हीटरवरून काढून घेतला होता आणि हातांनी धरून बसली होती.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"गेल्या शुक्रवारी."

"सोमवारी तू आलीस. पट्टी सोडलीस. तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विश्वास ठेवला नसतास, ब्लांदीन."

"नसता ठेवला कदाचित," ब्लांदीन म्हणाली. "पण तू मला विचारलंच नाहीस. त्याला सगळ्यांची गर्दी लागायची. तुलाही लागली."

मग ती म्हणाली, बूट दे. डावा बूट चढेना. सोलांजनं पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळला, शेजाऱ्याला हाक मारून तिला उचलून गाडीत बसवलं, आणि दोघी अडीच तासांच्या वाटेनं शहरात गेल्या.

बोटावर भागलं नाही. पावलावरही भागलं नाही. शनिवारी गुडघ्याखाली पाय काढला. सर्जननं सोलांजला बाजूला घेऊन सांगितलं, की भाजल्यावर जंतू फार झपाट्यानं वर चढले. आठवडाभर आधी आणलं असतं तर कदाचित पाऊल राहिलं असतं. कदाचित, असं तो दोनदा म्हणाला, त्याला बिचाऱ्याला ती आठवडाभर काय दडवून बसली होती ते कुठं ठाऊक.

फेब्रुवारी संपेपर्यंत सोलांज ड्रेसिंगच्या फेरीत घरोघरी आणखी एक काम करत राहिली. थर्मोस्टॅटची दोन्ही बटणं दहा सेकंद दाबून धरली की तो जुनं खातं विसरतो. मग ज्याचं घर त्याचंच नाव घालून द्यायचं, ईमेल नसेल तर मुलाचा, नातीचा. बाविसांपैकी नऊ घरांनी करू दिलं. बाकीच्यांनी ड्रेसिंग करून घेतलं, कॉफी दिली आणि भिंतीला हात लावू दिला नाही. एका म्हातारीनं तिला सरळ सांगितलं, की आमचं काही बिघडलेलं नाही, बिघडलंय ते तुझं.

दोन्हीकडे ती तेच सांगत असे. खोली आपोआप तापली तर आधी विचारा, हे यंत्र कुणाच्या नावावर आहे. उत्तर द्यायला आठवडा मागणाऱ्याला विचारा, तू मधल्या दिवसांत काय करतोस. पाय बरा होतोय असं कुणी म्हणालं तर त्याला म्हणा, पट्टी सोड आणि दाखव. जखम डोळ्यांनी दिसते, तिला गुरुवार लागत नाही.

आणि निघताना, बूट घालता घालता, ती आणखी एक गोष्ट सांगे. हे सगळं मला शुक्रवारी सकाळी कळलं होतं, मी गुरुवारपर्यंत थांबले. तुम्हाला कुणाची लबाडी कळली तर त्याच दिवशी, ज्याचं नुकसान होतंय त्याच्या दारात जाऊन सांगा. चारचौघं जमायची वाट बघू नका. तो ऐको न ऐको, पण सांगा. मी सांगितलं नाही, आणि माझी बहीण आता एका पायावर आहे.